घंटेचा आवाज गेला कोठे?

शाळेतली ती काचेची हंडी आणि तिच्यात टांगलेली विजेची घंटा आपणांस आठवत असेल. पंपाने हवा काढावी, हातोडी पडताना दिसावी, पण ऐकू काही येऊ नये! हवा नाही म्हणून ध्वनी नाही, असे आम्ही वहीत लिहिले आणि पुरे गुण मिळविले. ते उत्तर थोडे तपासले पाहिजे.

१६५० साली रोममधील जेसुइट पंडित किर्खर ह्याने आपल्या संगीतविषयक ग्रंथात अशाच प्रयोगाची हकीकत दिली. लांब नळीतले पाणी उतरून वर जी रिकामी जागा झाली, तीत घंटा होती. बाहेरून लोहचुंबकाने हातोडी हलविली. आवाज आला. किर्खरने निर्वाळा दिला की, निर्वात म्हणून काही नाहीच. १६६० मध्ये रॉबर्ट बॉईलने पंपाच्या भांड्यात दोऱ्याने घड्याळ टांगले, आणि हवा जाता जाता टिकटिक बंद झाली. किर्खरला हसणे सोपे आहे. पण दोघांनीही आपापल्या कानांवरच विश्वास ठेवला होता. किर्खरची घंटा बहुधा आधारांतून बोलत होती, बॉईलचा दोरा मुका होता, एवढेच.

तरी बॉईलनेही सगळे सांगितले नाही. हवेचा दाब हजारपट उतरविला, तरी एक रेणू दुसऱ्यावर आदळण्यापूर्वी मिलिमीटरचा दशांशही जात नाही. सेकंदास हजार कंपनांच्या स्वराची लाट मात्र ३४ सेंटिमीटर लांब. अशा विरळ हवेत ती खुशाल चालते. तापमान तेच असेल तर वेगही जवळजवळ तोच. मग अडते कोठे? उंबरठ्यावर! जड घंटेला ढकलायला हवाच पुरेशी सापडत नाही, आणि जो काही ध्वनी निघतो तो काचेवर आपटून बहुतेक माघारी फिरतो. अमेरिकन शास्त्रज्ञ लिंडसे ह्यांनी १९४८ साली ह्याची चर्चा केली.

खरी सीमा येते ती रेणूंची ही मोकळी धाव लाटेच्या लांबीएवढी झाली म्हणजे. १९५० मध्ये ग्रीनस्पॅन ह्यांनी विरळ हेलियममध्ये सेकंदास दहा लाख कंपनांचा ध्वनी सोडून हाच प्रदेश धुंडाळला. तेथे लाट चार पावलांतच विरते.

मंगळावरील हवेचा दाब आपल्याकडच्या शंभराव्या हिश्शाहूनही कमी. तरी २०२१ साली पर्सिव्हिअरन्स यानाच्या मायक्रोफोनने ८० मीटरांवरून उडत्या हेलिकॉप्टरचा घुमारा टिपला.