आश्रय आणि बरोबरी : कोची शहराचा इतिहास वाचताना

आजचं आपलं शहर आहे कोची. तुमच्यापैकी पुष्कळ जण तिथे जाऊन आले असतील. केरळच्या सहलीत कोचीच्या वाट्याला बहुधा एकच दिवस येतो. सकाळी फोर्ट कोचीच्या किनाऱ्यावरची चिनी जाळी, मग सेंट फ्रान्सिस चर्च, दुपारी मट्टांचेरीचा डच राजवाडा, त्याला लागूनच असलेलं ज्यूंचं सिनेगॉग, थोडी वेलदोडे-मिऱ्यांची खरेदी, एर्नाकुलमच्या बाजूने बोटीची फेरी आणि रात्री कथकली. यात वाईट काहीच नाही. पण या दिवसभरात गाईड एक वाक्य हमखास सांगतो. तो म्हणतो, ‘साहेब, इथे सगळे धर्म गुण्यागोविंदाने नांदले.’ मला आज या एकाच वाक्याचा विचार करायचा आहे.

हे वाक्य खोटं नाही, हे आधीच सांगतो. पण त्यात दोन वेगळ्या गोष्टी एका गाठोड्यात बांधल्या आहेत. एक आश्रय आणि दुसरी बरोबरी. कोचीने आश्रय भरपूर दिला. बरोबरी दिली का, हा प्रश्न निराळा आहे.

आधी आश्रयाची बाजू पाहू, कारण ती खरोखर मोठी आहे. पेरियार नदीला १३४१ साली मोठा पूर आला, कोडुंगल्लूरचं जुनं बंदर गाळाने निकामी झालं आणि कोचीचा खाडीमार्ग मोकळा झाला, असं साधारणपणे मानलं जातं. म्हणजे हे बंदर तसं तरुण. राजा लहान, आणि उत्तरेला कालिकतचा बलाढ्य सामूतिरी, ज्याला आपण झामोरिन म्हणतो. अशा राजाला व्यापारी हवे असतात आणि पाठीराखेही हवे असतात. १५०० साली पोर्तुगीज कब्राल कोचीत आला तेव्हा राजाने त्याला जागा दिली ती या हिशेबाने. १५०३ मध्ये पोर्तुगीजांचा किल्ला उभा राहिला. १६६३ मध्ये डच आले, १७९५ मध्ये इंग्रज.

या उलथापालथीच्या खुणा इमारतींवर दिसतात. ज्याला आपण डच राजवाडा म्हणतो तो बांधला पोर्तुगीजांनी, सोळाव्या शतकाच्या मध्यावर, कोचीच्या राजाला नजराणा म्हणून. डचांनी नंतर त्याची डागडुजी केली आणि नाव त्यांचं लागलं! राहत होता मात्र हिंदू राजा. त्याच्या शेजघराच्या भिंतींवर रामायण रंगवलेलं आहे आणि आवारात पळयन्नूर भगवतीचं देऊळ आहे. वास्को द गामा १५२४ मध्ये कोचीतच वारला. त्याला सेंट फ्रान्सिस चर्चमध्ये पुरलं होतं, पुढे त्याच्या अस्थी पोर्तुगालला नेल्या. म्हणून आज तिथे दिसते ती रिकामी कबर.

आता ज्यू लोकांकडे येऊ. केरळातलं त्यांचं वास्तव्य फार जुनं आहे. इसवी सन १००० च्या सुमाराचा भास्कर रविवर्मा या राजाचा ताम्रपट आहे. त्यात जोसेफ रब्बान नावाच्या ज्यू प्रमुखाला बहात्तर मान दिले आहेत. पालखी, छत्री, वाद्यं वगैरे. सोळाव्या शतकात कोडुंगल्लूरला राहणं कठीण झालं तेव्हा ज्यू कोचीला आले आणि राजाने त्यांना आपल्या वाड्याच्या शेजारी जागा दिली. अगदी शेजारी, बरं का. ज्या काळात युरोपातल्या कित्येक देशांतून ज्यूंना हाकलून लावलं जात होतं, त्याच काळात हे घडत होतं.

आणि आपल्या जवळची गोष्ट. गोव्यात १५६० मध्ये इन्क्विझिशन सुरू झालं. सोळाव्या शतकात कोंकणी बोलणारे सारस्वत गोवा सोडून समुद्रकिनाऱ्याने दक्षिणेला गेले आणि त्यांतले बरेच कोचीत स्थिरावले. मट्टांचेरीत चेरलाई भागात त्यांनी १५९९ मध्ये वेंकटेशाचं देऊळ उभारलं, ते तिरुमल देवस्वम. आजही त्या गल्ल्यांत कोंकणी ऐकू येते. गंमत बघा, ज्या पोर्तुगीजांच्या जाचामुळे ही माणसं निघाली, त्यांचाच किल्ला कोचीत होता, आणि तरीही राजाच्या हद्दीत ती सुरक्षित राहिली.

हे सगळं अभिमान वाटावा असंच आहे. पण आता दुसरी बाजू.

आश्रय कोणाच्या हातात असतो? देणाऱ्याच्या. १७९१ मध्ये कोचीचा राजा शक्तन तंपुरान आणि हे कोंकणी व्यापारी यांच्यात पैशावरून बिनसलं. काही प्रमुख व्यापाऱ्यांना जीव गमवावा लागला. लोक आपली देवाची मूर्ती घेऊन शेजारच्या त्रावणकोर राज्यात, आलप्पुळाला गेले. ती मूर्ती कोचीला परत आली १८५३ मध्ये. म्हणजे दोनशे वर्षं वसलेल्या समाजालाही एका राजाची मर्जी फिरताच गाठोडं बांधावं लागलं. मर्जीने मिळतं ते मर्जीने जातं.

याहून खोल गोष्ट अशी, की आश्रयाला येणारा माणूस आपला देव आणतो, भाषा आणतो आणि आपली उतरंडही बरोबर आणतो. गोव्याहून सारस्वत आले तसे कुडुंबी लोकही आले. भाषा तीच, कोंकणी. देशोधडीचं दुःखही तेच. पण कोचीला आल्यावर सारस्वत सावकार आणि देवस्थानाचे कारभारी झाले, कुडुंबी त्यांच्याकडे राबणारे राहिले. किनारा बदलला, पायरी बदलली नाही.

ज्यूंमध्येही हेच झालं. मलबारी ज्यू आधीपासून इथले. सोळाव्या शतकात स्पेन वगैरे देशांतून परागंदा झालेले ज्यू आले, त्यांनी १५६८ मध्ये आपलं वेगळं सिनेगॉग बांधलं. त्याचं नाव ‘परदेशी सिनेगॉग’. शब्द आपलाच, पण इथे तो बिरूद झाला. नंतर आलेले स्वतःला वरचे समजू लागले. ज्यांचे पूर्वज दास होते आणि पुढे मुक्त झाले, अशा लोकांना त्या सिनेगॉगमध्ये बाकावर बसायला मनाई होती. ते दाराशी किंवा खाली बसत. धर्मग्रंथ सर्वांपुढे वाचण्याचा मानही त्यांना नव्हता.

याच गटात अब्राहम बराक सालेम जन्मले, १८८२ साली. वकील झाले, कोचीनच्या विधिमंडळात सभासद झाले, १९२९ च्या लाहोर काँग्रेसला जाऊन आले. बाहेर एवढा मान, आणि प्रार्थनेला मात्र पायरीपाशी. त्यांनी गांधींचा सत्याग्रह आपल्याच सिनेगॉगमध्ये नेला. लोक त्यांना ‘ज्यू गांधी’ म्हणू लागले. बंधनं सैल व्हायला बरीच वर्षं लागली. आज सिनेगॉगकडे जाणाऱ्या रस्त्याला सालेम यांचंच नाव आहे. आपण त्या रस्त्यावरून चालतो, आत जाऊन निळ्या-पांढऱ्या चिनी फरश्या आणि काचेची झुंबरं बघतो आणि बाहेर पडतो.

कुणी म्हणेल, ‘सर, तुम्ही आजची फूटपट्टी जुन्या काळाला लावताय.’ आक्षेप रास्त आहे, म्हणून उत्तर देतो. ही फूटपट्टी माझी नाही. सोळाव्या शतकातच कोचीच्या ज्यूंचा हा तंटा पत्राने कैरोला, रब्बी डेव्हिड इब्न झिम्रा यांच्यापर्यंत गेला होता. त्यांनी निर्णय दिला, की विधिपूर्वक शुद्ध करून घेतलेल्यांना बरोबरीचंच मानलं पाहिजे. तो निर्णय कोचीत पाळला गेला नाही. म्हणजे बरोबरीची मागणी त्याच काळातली, त्याच शहरातली होती. ऐकणारे कमी होते इतकंच.

आणि आता सर्वांत अवघड भाग. परक्यांना जागा मिळाली, पण इथल्याच काहींना मिळाली नाही. पुलय हा शेतावर राबणारा समाज. त्यांना रस्ते बंद, देवळं बंद. १९१३ मध्ये त्यांना सभा घ्यायची होती. पंडित के. पी. करुप्पन, स्वतः मासेमार समाजातले आणि संस्कृतचे विद्वान, त्यांच्या पाठीशी उभे होते. पण जमीन कोण देणार? तेव्हा या माणसांनी होड्या आणल्या, एर्नाकुलमच्या खाडीत त्या एकमेकींना बांधल्या आणि पाण्यावर सभा भरवली. काठावरची जमीन कुणाच्या ना कुणाच्या मालकीची, पाणी कुणाच्याच मालकीचं नाही! केरळच्या इतिहासात ही घटना ‘कायल संमेलन’ म्हणून नोंदली आहे. कायल म्हणजे खाडीचं पाणी. आपण बोटीतून फेरी मारतो ते हेच पाणी.

हे असं का झालं? व्यापारी राजाला उपयोगी होता, तो दुसरीकडे जाऊ शकत होता, म्हणून त्याला मान देऊन ठेवून घ्यावं लागलं. पुलय कुठे जाणार होता? तो आधीच शेताला जखडलेला होता. आश्रयामागे उदारपणा होताच, पण हिशेबही होता. बरोबरीला हिशेब पुरत नाही.

कांटने १७९५ मध्ये, म्हणजे इंग्रजांनी कोची घेतलं त्याच साली, शाश्वत शांततेवरचा निबंध प्रसिद्ध केला. त्यात तो म्हणतो, की परक्याचं स्वागत हा उपकाराचा नव्हे तर हक्काचा प्रश्न आहे. पण तो हक्कही भेटीपुरता आहे. कोचीचा राजा कांटच्या पुढे होता, त्याने पिढ्यान्‌पिढ्या राहू दिलं. तरी दोघांच्याही पलीकडे एक प्रश्न उरतो. आत आलेला आणि आत असलेला माणूस एकाच बाकावर बसेल का?

या शहरात तशी एक जागा सापडते, आणि ती आहे एका ग्रंथात. डच गव्हर्नर व्हान रीड याने मलबारच्या वनस्पतींवर ‘हॉर्टस मलबारिकस’ हा बारा खंडांचा ग्रंथ करवून घेतला. तो १६७८ ते १६९३ या काळात ॲमस्टरडॅमला छापला गेला. त्यासाठी रंगभट, विनायक पंडित आणि अप्पू भट या तीन कोंकणी ब्राह्मणांनी माहिती दिली, तशीच इट्टी अच्युतन या ईळव वैद्यानेही दिली. पहिल्या खंडात या चौघांची प्रमाणपत्रं त्यांच्या त्यांच्या लिपीत छापली आहेत. त्यांत नागरी लिपीतलं कोंकणीही आहे. ज्या वैद्याला त्या ब्राह्मणांच्या देवळात पाऊल टाकता आलं नसतं, त्याचा शब्द त्यांच्याइतकाच प्रमाण धरला गेला. ज्ञानापुरती का होईना, बरोबरी झाली.

शेवटी एक सुचवतो. पुन्हा कोचीला गेलात तर परदेशी सिनेगॉगपासून थोडं चालून कडवुंभागम सिनेगॉगची चौकशी करा. ते मलबारी ज्यूंचं, परदेशी सिनेगॉगपेक्षा जुनं. स्वातंत्र्यानंतर हा समाज जवळजवळ सगळा इस्रायलला गेला. सिनेगॉगचं कोरीव लाकूडकाम आज जेरुसलेमच्या संग्रहालयात आहे, इमारत पुढे गोदाम झाली आणि २०१९ मध्ये तिचा बराच भाग पडला. एक वास्तू तिकीट लावून जपलेली आणि दुसरी पावसात कोसळलेली. दोन्ही पाहिल्या, की मग गाईडचं ते वाक्य मनात पुन्हा म्हणून बघा. नांदले, हे खरंच. पण कोण कुठे बसून नांदलं, हेही विचारायला हवं. आणि ते फक्त कोचीलाच विचारून भागणार नाही.

इथे थांबतो. प्रश्न असतील तर जरूर विचारा.