देवी काढणे

भयंकर रोगाला ‘देवी’ म्हणावे आणि त्या रोगाच्या प्रतिबंधाला ‘देवी काढणे’ म्हणावे, हा मराठीचा रिवाज उतावळ्या सुधारकाला निव्वळ अज्ञानाचा वाटेल. परंतु मुंबई इलाख्यातील लसटोचणीचा इतिहास वाचता वाचता, कित्येक सरकारी हुकुमांना जे साधले नाही ते या दोन शब्दांनी साधले, असे माझे मत झाले आहे.

बगदाद-बसऱ्याच्या मार्गाने मुंबईस पोहोचलेली लस १४ जून १८०२ रोजी ॲना डस्टहॉल या तीन वर्षांच्या मुलीच्या दंडात टोचण्यात आली. हिंदुस्थानातील ही पहिली टोचणी. त्या काळी एका मुलाच्या दंडावर उठलेल्या फोडातील द्रव दुसऱ्याच्या दंडात, त्याचा तिसऱ्याच्या, अशी साखळी अखंड चालवावी लागे. आणि जखमेतून पाझरणाऱ्या ज्या पाण्याला मराठी माणूस ‘लस’ म्हणतो, तेच नाव या औषधालाही मिळाले. परक्याच्या, कदाचित परजातीच्या अंगातली लस आपल्या लेकराच्या रक्तात जाऊ देण्यास आईबाप कचरले, यात नवल ते काय? हे द्रव्य मूळचे गाईचे, तेव्हा गोपूजक हिंदू ते आनंदाने घेतील, अशी गोऱ्या अंमलदारांची अटकळ होती. ती फोल ठरली, कारण या प्रकरणी घराघरांत मन गुंतले होते ते गाईपाशी नव्हे, या रोगाची देवता मानलेल्या शीतलेपाशी. मूल तापाने फणफणले आणि अंगावर पुरळ दिसले, की ‘रोग झाला’ असे कोणी म्हणत नसे. ‘देवी आल्या’ असे म्हणत, आणि उशाशी कडुनिंबाचा डहाळा ठेवीत. अशा आईला ‘देवी काढणे’ या शब्दांत देवीचा अवमान दिसला नाही. जी सर्वांगावर यायची ती दंडापुरती येऊन जाईल, एवढाच बोध तिला झाला असावा, आणि तो वैद्यकदृष्ट्याही फारसा चुकीचा नव्हता.

याच्या उलट १८९७ च्या प्लेगात घडले. फेब्रुवारीत साथीचा कायदा झाला, पुण्यात शिपाई माजघरापर्यंत शिरले, आणि रयतेच्या कानी झडती, सक्ती व जप्ती हेच शब्द पडत राहिले. २२ जूनला पुण्याचा प्लेग-अधिकारी रँड याच्यावर गोळी झाडली गेली. त्याच वर्षी, १० जानेवारीस, जंतुशास्त्रज्ञ हाफकिन यांनी मुंबईत आपली प्लेगची लस आधी स्वतःच्या अंगात टोचून घेतली होती, आणि मगच भायखळ्याच्या तुरुंगातील स्वखुशीने पुढे आलेल्या कैद्यांना ती दिली. सरकारच्या सगळ्या जाहीरनाम्यांपेक्षा हे एक कृत्य मला अधिक बोलके वाटते.

पुढे कित्येक वर्षे ‘देवी काढणारा आला’ अशी वार्ता लागताच शाळेतील पोरे मागल्या दाराने पळत. सापडलेल्याच्या दंडावर तो दातेरी चकती टेकवून फिरवी, आणि खपली पडल्यावर तेथे कायमचा गोल वण राही. मे १९७५ मध्ये भारतात देवीचा अखेरचा रुग्ण आढळला, आणि १९८० साली हा रोग जगातून गेल्याचे जाहीर झाले. तो वण ज्यांच्या दंडावर आहे त्या वडीलधाऱ्यांना विचारून पाहावे. ‘लसीकरण झाले’ असे ते म्हणत नाहीत, ‘आमच्या देवी काढल्या होत्या’ असेच सांगतात.