एक तार, एक घड्याळ आणि एक वही

उपग्रहाशी संपर्क म्हटला की आपल्या डोळ्यांसमोर अवाढव्य तबकडी येते. दूरच्या यानांसाठी ती लागतेच. पण पृथ्वीपासून दोन-तीनशे किलोमीटरवर फिरणाऱ्या उपग्रहांचा इतिहास थोडा निराळा आहे आणि तो एका शाळेत घडला.

इंग्लंडमधील केटरिंग ग्रामर स्कूलमध्ये जेफ्री पेरी भौतिकशास्त्र शिकवत. रसायनशास्त्राचे शिक्षक डेरेक स्लेटर हॅम रेडिओचे हौशी होते. १९६० साली या दोघांनी एका सोव्हिएत यानाचे संदेश सुमारे २० मेगाहर्ट्‌झवर पकडले. या लहरींची लांबी किती? ३० कोटी मीटर भागिले २ कोटी, म्हणजे १५ मीटर. तिच्या निम्म्या लांबीची, साडेसात मीटरची तार ताणली की अँटेना तयार! एखाद्या वर्गखोलीत मावेल एवढीच.

उपग्रह जवळ येताना संदेशाची वारंवारता किंचित वाढलेली आढळते, दूर जाताना घटलेली. हाच डॉप्लर परिणाम. हा बदल सर्वांत झपाट्याने होतो, त्या क्षणी उपग्रह आपल्याला सर्वांत जवळ असतो. पेरी आणि त्यांचे विद्यार्थी अशा वेळा नोंदवून ठेवत. लागोपाठच्या नोंदींवरून परिभ्रमणकाल मिळे आणि कक्षेचा अंदाज येई.

मार्च १९६६ मध्ये कॉसमॉस-११२ सुटला. त्याच्या कक्षेचा विषुववृत्ताशी कोन ७२ अंश होता आणि ती बैकोनूर तळाशी काही केल्या जुळेना. मग उड्डाण झाले कोठून? एका रेषेवर असंख्य ठिकाणे असतात. ऑक्टोबरमध्ये कॉसमॉस-१२९ सुटला आणि दुसरी रेषा मिळाली. दोन्ही मार्ग उड्डाणाच्या वेळेपर्यंत मागे नेले, तेव्हा ते ६३ अंश उत्तर अक्षांशाच्या आसपास, प्लेसेत्स्क गावाजवळ एकमेकांना छेदत होते. पाश्चात्त्य गुप्तहेरांना हा तळ ठाऊक होता, पण त्यांनी तो गुपितच ठेवला होता. शाळेने तो नोव्हेंबर १९६६ मध्ये जगजाहीर केला. सोव्हिएत संघाने त्याचे अस्तित्व मान्य केले ते १९८३ साली.

पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातील विद्यार्थ्यांनी बनवलेला, एक किलोहूनही हलका 'स्वयम्' २०१६ मध्ये अवकाशात गेला. असे छोटे उपग्रह बहुधा ४३५ मेगाहर्ट्‌झच्या आसपास बोलतात. तेथे अर्धी तरंगलांबी फूटपट्टीहून जराशीच जास्त भरते. तेव्हा अँटेना आपल्या शाळेलाही परवडेल. मात्र पेरींच्या शाळेने सहा वर्षे नेटाने ठेवली तशी वही आपल्यालाच लिहावी लागेल.