टीपकागद

परवा लेकाकडे आठ दिवस राहून आले. त्याच्या ओट्यावर कॉफी गाळायच्या कागदांचा एक खोका होता, वर नाव 'मेलिटा'. मला वाटलं, कंपनीने ठेवलेलं असंच काहीतरी नाव असेल. सून म्हणाली, "आई, ते एका बाईचं नाव आहे." मग काय, घरी परत आल्यावर वाचत बसले.

ही मेलिटा बेंट्झ. जर्मनीतल्या ड्रेस्डेन गावची गृहिणी. जन्म १८७३ चा. तेव्हा तिकडे कॉफी करायची म्हणजे पूड सरळ गरम पाण्यात. पेल्याच्या तळाशी चोथा आणि तोंडात कडवटपणा. गाळायला कापडी फडकी असत, पण ती धुता धुता नाकी नऊ येत. (आपल्याकडे जुन्या धोतराच्या तुकड्याने चहा गाळायचे दिवस ज्यांनी पाहिलेत त्यांना हे वेगळं सांगायला नको. ते फडकं दोन महिन्यांत कातड्यासारखं व्हायचं!)

तर ह्या बाईने एक पितळी भांडं घेतलं, खिळ्याने त्याच्या बुडाला भोकं पाडली आणि शाळेत जाणाऱ्या मुलाच्या वहीतला टीपकागद काढून आत घातला. वर कॉफीची पूड, त्यावर उकळतं पाणी. खाली स्वच्छ कॉफी. चोथ्यासकट कागद टाकून दिला की झालं. आम्ही टीपकागदावर शाई टिपली, त्याच्या होड्या केल्या, पण हे काही सुचलं नाही बुवा.

खरं सांगायचं तर मला त्या टीपकागदापेक्षा पुढचं जास्त महत्त्वाचं वाटतं. १९०८ च्या उन्हाळ्यात तिने बर्लिनच्या शाही पेटंट कचेरीत आपल्या गाळण्याची नोंद करून घेतली. त्याच वर्षीच्या मे महिन्यात नवा कायदा होऊन जर्मनीभर बायकांना राजकीय संघटनांत जायची मोकळीक मिळाली होती. मताचा हक्क मिळायला १९१८ उजाडलं. अशा काळात घरात बसून भांड्याला भोकं पाडणारी बाई कचेरीची पायरी चढते, हे सोपं नव्हे. त्याच डिसेंबरात तिने कंपनी काढली. भांडवल ७३ फेनिग, म्हणजे पुरता एक मार्कसुद्धा नाही! नवरा ह्यूगो आणि दोन मुलगे हेच नोकर. मुलं हातगाडीवरून माल पोचवीत. १९०९ च्या लाइपझिगच्या जत्रेत त्यांची १२०० गाळणी खपली. महायुद्धात नवरा सैन्यात गेला, कॉफी येईनाशी झाली, तेव्हा पुठ्ठ्याची खोकी विकून तिने घर चालवलं. १९५० साली ती गेली. कंपनी अजून आहे.

आता दुसरी एक. भांडी घासायचं यंत्र काढणारी अमेरिकेतली जोसेफिन कॉक्रेन. भांडी घासायला हिच्या घरी माणसं होती. मोलकरणींच्या हातून उंची चिनी मातीच्या बश्यांचे टवके उडायचे, त्याचा तिला राग! नवरा १८८३ साली कर्ज मागे ठेवून गेला, तेव्हा हौसेची गरज झाली. घरामागच्या शेडमध्ये एका मेकॅनिकला हाताशी धरून तिने यंत्र बनवलं आणि १८८६ साली पेटंट घेतलं. गिऱ्हाइकं मिळाली ती हॉटेलं. घरोघरी तेवढं गरम पाणी होतंच कुठे? माझ्या मनात आलं, ज्यांच्या हाताला राखेने भेगा पडत होत्या त्यांनी ह्याआधी काही युक्त्या काढल्याच नसतील का? पण शेड, मेकॅनिक आणि पेटंटची फी त्या कुठून आणणार?

असो. तेहेतीस वर्षं मी इतिहास शिकवला. 'जोड्या जुळवा' मध्ये वॅट, एडिसन, बेल, मार्कोनी. बायकांपैकी एकट्या मादाम क्यूरी. मुलांना मी दुसरं एकही नाव सांगितलं नाही, आणि एकाही मुलीने विचारलं नाही.

ते खिळा आणि भोकांचं वाचलं तेव्हापासून आई डोळ्यांसमोरून हलत नाहीये. आमच्याकडे डालड्याच्या डब्याच्या पत्र्याची एक किसणी होती. आईनेच केलेली. पत्रा किंचित वाकवलेला, अर्ध्या भागात जाड खिळ्याची भोकं खोबऱ्यासाठी, अर्ध्या भागात बारीक चुकेची आल्यासाठी. कडा दुमडून ठोकलेल्या, हाताला लागू नयेत म्हणून. आळीतल्या दोघीतिघींनी बघून तशाच करून घेतल्या होत्या. मला मात्र तिची भयंकर लाज वाटायची. मैत्रिणी यायच्या असल्या की मी ती फडताळात मागे सारून ठेवायची.

पहिला पगार झाला तेव्हा तुळशीबागेतून स्टीलची चकचकीत किसणी आणली आणि जुनी भंगारवाल्याला देऊन टाकली. आईला न विचारता. संध्याकाळी तिने नवी किसणी हातात घेतली, उलटी करून पाहिली, भोकांवरून अंगठा फिरवला.

"छान आहे गं," म्हणाली, "पण ह्यावर आलं नाही किसता यायचं."