भिडेचा पैसा आणि अभ्यासाचा पैसा

दहिसरमध्ये सार्वजनिक काम करणाऱ्या कोणालाही देणगीबद्दल विचारले, तर बहुधा एकच उत्तर मिळते: पैसा ओळखीने येतो. विश्वस्त मंडळावर एखादा बिल्डर, एखादा माजी नगरसेवक, एखादा सीए घ्यावा. त्यांनी दोन फोन फिरवावेत, की काम झाले. काम चोख असेल तर दाते आपण होऊन दाराशी येतात, हे याच मताचे जरा सोज्वळ रूप. या समजुतीमुळे निधी संकलनासाठी संशोधन करणारी माणसे संस्थांच्या जगात परकी ठरतात. कोणाकडे मागावे, किती, कशासाठी आणि केव्हा, शिवाय कोणाकडे मागूच नये, याचा अभ्यास करणे हा त्यांचा पेशा. ओळखी असताना अभ्यास कशाला, दात्याची माहिती काढणे म्हणजे दुसऱ्याच्या घरात डोकावणे, आणि त्या माणसाचा पगार म्हणजे गरिबाच्या तोंडचा घास, असे त्यांच्याविषयी बोलले जाते. एका छोट्या अभ्यासिकेच्या कामानिमित्त गेली काही वर्षे मी या माणसांना जवळून पाहत आलो आहे. हे तिन्ही आक्षेप मला मान्य नाहीत, आणि का नाहीत ते नीट मांडायला हवे.

ही माणसे नेमके करतात काय? या कामाला ती ‘प्रॉस्पेक्ट रिसर्च’ म्हणतात. अमेरिकेत या संशोधकांची संघटना १९८०च्या दशकातच उभी राहिली. आपल्याकडे कामाला वेग आला तो कंपनी कायदा, २०१३ मुळे. त्यातले कलम १३५ एप्रिल २०१४ पासून लागू झाले. निव्वळ मूल्य ५०० कोटी, उलाढाल १,००० कोटी किंवा निव्वळ नफा ५ कोटी, यांपैकी एकही निकष पुरा झाला तर कंपनीने मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या किमान २ टक्के रक्कम सामाजिक कामावर, म्हणजे सीएसआरवर, खर्च केली पाहिजे. या खर्चाचा तपशील वार्षिक अहवालाच्या जोडपत्रात द्यावा लागतो: काम कोणते, कोणत्या जिल्ह्यात, रक्कम किती, कोणत्या संस्थेमार्फत आणि किती खर्चायची राहिली. हे जोडपत्र कोणालाही वाचता येते. वाचतात फार थोडे.

कांदरपाड्यात राहणारी एक संशोधक ते वाचते. आमच्या ज्येष्ठ विश्वस्तांनी एका मोठ्या कंपनीचे नाव सुचवले तेव्हाचा संवाद मला जवळपास जसाच्या तसा आठवतो.

“काका, ही कंपनी आपल्याला देणार नाही.”

“अगं, तिचा डायरेक्टर माझ्या साडूचा वर्गमित्र आहे. शब्द टाकला की झालं.”

“शब्द टाकाल, ते चहा पाजतील आणि प्रपोजल पाठवा म्हणतील. सलग तीन वर्षं त्यांचा सगळा खर्च नाशिक जिल्ह्यात पाण्यावर झालाय. कारखाना तिथे आहे. कायदाच म्हणतो, जिथे धंदा चालतो त्या भागाला आधी द्या. त्यांनी दहिसरला का द्यावं?”

काका गप्प झाले नाहीत, हे सांगायला हवे. त्यांनी विचारले, “मग कोणाकडे जायचं?” तिने चेकनाक्यापलीकडच्या काशीमिऱ्यातली एक मध्यम कंपनी काढून ठेवली होती. नफा ५ कोटींच्या जरासाच वर, म्हणजे खर्चाचे बंधन साधारण १० लाखांचे. बंधन ५० लाखांपर्यंत असेल तर वेगळी सीएसआर समिती नेमावी लागत नाही, निर्णय थेट संचालक मंडळ घेते. तेव्हा पत्र संचालकांच्याच नावे. अशा कंपनीच्या दाराशी फारसे कोणी जात नाही, कारण तिचे नाव कोणाच्या साडूला माहीत नसते. पत्राआधी तिने आमचेही कागद तपासले: प्राप्तिकर सवलतीसाठीची १२ए आणि ८०जीची नोंदणी चालू आहे का, सीएसआर-१ क्रमांक घेतला आहे का, वरळीच्या धर्मादाय आयुक्तालयात विश्वस्तबदलाचा चेंज रिपोर्ट मंजूर झाला आहे का. तो प्रलंबित होता. आधी तो मार्गी लावा, मग पत्र, असे तिने स्पष्ट सांगितले.

पहिल्या आक्षेपाचे उत्तर यातच आहे. ओळखीने दार उघडते हे खरे. पण ती मागणाऱ्याच्या सोयीची वाट असते. देणाऱ्याला काय द्यावेसे वाटते हा प्रश्न तिथे कोणी विचारतच नाही. साडूचा वर्गमित्र ‘नाही’ म्हणू शकत नाही, म्हणून देतो. आपल्याकडे भीड ही भिकेची बहीण म्हणतात. भिडेच्या देणगीत ती दोन्ही बाजूंना भिकेला लावते. देणारा एकदाच देतो आणि पुढच्या वर्षी फोन उचलत नाही. घेणारी संस्था त्या एका ओळखीला बांधली जाते, आणि तो विश्वस्त गेला की त्याचे सगळे दाते त्याच्याबरोबर जातात. शिवाय ओळखी म्हणजे शेवटी आपली जात, आपला गाव, आपला पेशा. केतकीपाड्यातल्या मुलांसाठी काम करणाऱ्या, पण विश्वस्त मंडळावर एकही वजनदार माणूस नसलेल्या संस्थेने मग काय करायचे? ‘पैसा ओळखीने येतो’ हे वाक्य खरे मानले, तर ज्यांच्या ओळखी नाहीत त्यांचे काम उभेच राहू नये, असा त्याचा अर्थ होतो. हे मला मान्य होणे शक्य नाही.

यावर हमखास महर्षी कर्व्यांचे नाव पुढे केले जाते. अण्णांच्या मागे कुठे संशोधक होता, असे विचारतात. दाखला योग्यच आहे, पण तो आक्षेप घेणाऱ्यांच्या विरुद्ध जातो. १८९६ मध्ये अनाथ बालिकाश्रम काढणारे, फर्ग्युसनमध्ये गणित शिकवून हिंगण्याच्या आश्रमाची वाट पायी तुडवणारे, वाटेत पुण्यात थोडाथोडा पैसा गोळा करणारे कर्वे ओळखीपाळखीच्या जोरावर मोठे झाले नाहीत. विधवाविवाह केल्यामुळे त्यांच्या स्वतःच्या मुरुड गावाने त्यांना वाळीत टाकले होते. असलेल्या ओळखीही तुटल्या होत्या. जपानच्या महिला विद्यापीठाची माहितीपुस्तिका हाती आल्यावर त्यांच्या डोक्यात भारतीय महिला विद्यापीठाची कल्पना रुजली आणि १९१६ मध्ये ते सुरू झाले. पुढे सर विठ्ठलदास ठाकरसींनी १९१९च्या जगप्रवासात टोकियोतले तेच विद्यापीठ स्वतः पाहिले, आणि १९२० मध्ये कर्व्यांच्या विद्यापीठाला १५ लाखांची देणगी दिली. विद्यापीठाला त्यांच्या आईचे, नाथीबाई दामोदर ठाकरसींचे, नाव मिळाले. दाता आणि कार्य यांना जोडणारा धागा इथे दोघांनाही पटलेल्या एका कल्पनेचा आहे. कोणत्या दात्याच्या मनात कोणती कल्पना आधीच घर करून आहे, हे शोधणे म्हणजेच या संशोधकांचे काम. कर्व्यांच्या काळी तो जुळून येण्याचा भाग होता. आज तो शोधता येतो. आणि कर्वे जुळून येण्याची वाट पाहत बसलेच नाहीत. सत्तरी उलटल्यावर, १९२९ ते १९३२ या काळात, ते युरोप, अमेरिका, जपान आणि नंतर आफ्रिका फिरले. पूर्व आफ्रिकेत स्थायिक झालेल्या आपल्या लोकांकडे स्त्रीशिक्षणासाठी मागता येईल, हे त्यांनी हेरले होते.

कर्मवीर भाऊराव पाटलांची मुष्टी फंडाची योजना याच जातीची. १९१९ मध्ये रयत शिक्षण संस्था काढणाऱ्या भाऊरावांना शेतकऱ्याच्या घरात नगद कमी आणि धान्य असते हे पक्के ठाऊक होते. म्हणून त्यांनी नाणे मागितले नाही, दळणाआधी बाजूला काढलेली मूठभर ज्वारी-बाजरी मागितली. देणाऱ्याच्या घरात काय आहे, ते देताना त्याचा संसार अडणार नाही ना आणि त्याचा मान राहील ना, एवढे सगळे त्या एका मुठीत विचारात घेतलेले आहे.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे, आणि त्यात तथ्य आहे. ब्रिटनमध्ये माहिती आयुक्तांच्या कार्यालयाने डिसेंबर २०१६ मध्ये आरएसपीसीए या प्राणिदया संस्थेला २५,००० पौंड आणि ब्रिटिश हार्ट फाउंडेशनला १८,००० पौंड दंड केला. एप्रिल २०१७ मध्ये आणखी ११ संस्थांना दंड झाला. त्यातला मुख्य ठपका असा, की दात्यांना न सांगता त्यांच्या याद्या बाहेरच्या कंपन्यांना देऊन कोण किती श्रीमंत आहे हे चाळून घेतले गेले. दहा पौंड दिलेल्या बाईच्या घराची किंमत तिच्या नकळत काढणे हा विश्वासघात आहे, आणि तसे करणाऱ्यांची बाजू मी घेणार नाही.

पण यावरून सगळे संशोधनच टाकून देणे बरोबर नाही. जाहीर असलेले आणि खासगी असलेले यांतली रेघ आखता येते, आणि चांगले संशोधक ती रोज आखतात. कंपनीचा वार्षिक अहवाल, ट्रस्टचे लेखापरीक्षण, माणसाने स्वतः मुलाखतीत सांगितलेले बोल, आणि दात्याने आपल्याजवळ आपण होऊन सांगितलेली गोष्ट, एवढे त्यांचे क्षेत्र. आपला २०२३चा डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदाही माणसाने स्वतः जाहीर केलेल्या माहितीला वेगळे काढतो आणि एरवी संमतीवर भर देतो. कांदरपाड्यातल्या त्या संशोधकाने आमच्या एका जुन्या देणगीदाराविषयी केलेली नोंद अशी आहे: दरवर्षी ५,००० रुपये, चेकने, मुलाच्या स्मृतिदिनाआधी पावती पोहोचावी, फोन नको, पत्र चालते, रक्कम वाढवण्याविषयी विचारू नये. त्यात पेन्शनचा आकडा नाही, फ्लॅटची किंमत नाही. दर महिन्याला व्हॉट्सॲपवर आवाहनांचा मारा करणाऱ्या संस्था याच गृहस्थांशी कसे वागतात, ते त्यांनाच विचारावे. ज्याची माहिती ठेवली नाही त्याला आपण सगळ्यांसारखेच, सारखे सारखे, नको तेव्हा मागत राहतो.

आणि माहिती ठेवणे ही आपल्याला परकी गोष्ट आहे का? दहिसर गावठाणातल्या कोणत्याही जुन्या गणेशोत्सव मंडळाच्या कपाटात मागच्या वर्षांच्या पावती पुस्तकांच्या स्थळप्रती असतात. कोणत्या दुकानाने गेल्या साली किती दिले, कोणाच्या घरी सुतक आहे म्हणून यंदा जायचे नाही, हे वर्गणीला निघणाऱ्या पोरांना पाठ असते. त्याला कोणी हेरगिरी म्हणत नाही. मंडळाच्या वर्गणीत भिडेचा, कधी दमदाटीचाही भाग असतो, तो सोडून द्यावा. लक्षात ठेवण्याचा भाग घ्यावा.

उलट दिशेचेही संशोधन असते. ‘लोकसत्ता’चा ‘सर्वकार्येषु सर्वदा’ हा उपक्रम २०११ पासून गणेशोत्सवात निवडक संस्थांची ओळख करून देतो. बातमीदार संस्थेत जाऊन काम पाहतात, गरज मांडतात, आणि त्या संस्थेतल्या एकालाही न ओळखणारे वाचक धनादेश पाठवतात. कोणाचा साडू लागत नाही. अनोळखी माणसाला पुरेशी आणि खरी माहिती मिळाली की तो देतो, याचा इतका स्वच्छ पुरावा मराठी समाजात असताना ओळखीचेच गाणे किती काळ गायचे?

राहिला पगार. ‘देणगीतला रुपया न् रुपया लाभार्थ्याकडे गेला पाहिजे’ हे ऐकायला पवित्र वाटते. सीएसआरमध्ये प्रशासकीय खर्चाला ५ टक्क्यांची मर्यादा आहे असे सांगून अनेक कंपन्यांचे अधिकारी संस्थांचे पगार कापतात. २०२१ मध्ये सुधारलेले नियम वाचले तर दिसते, की ती मर्यादा कंपनीच्या स्वतःच्या सीएसआर विभागाच्या सर्वसाधारण व्यवस्थापन खर्चाला आहे. प्रकल्प आखणे, राबवणे आणि त्यावर देखरेख ठेवणे यांचा थेट खर्च तिच्यात मोजायचा नसतो. हे आम्हाला कोणी सांगितले? ज्या पगाराला हरकत घेतली जाते, तो घेणाऱ्या माणसानेच. २००९ मध्ये ॲन गॉगिन्स ग्रेगरी आणि डॉन हॉवर्ड यांनी स्टॅनफर्डच्या नियतकालिकात दाखवले होते, की दाते अवास्तव कमी खर्चाची अपेक्षा धरतात, संस्था ती भागवायला खरा खर्च लपवतात, आणि त्यातून त्या आतून उपाशी राहतात. आपल्याकडच्या छोट्या संस्थांत हे रोज घडते. ताळेबंदात ‘इतर खर्च’ या मथळ्याखाली पगार दडवला जातो, कारण तो उघड लिहायची लाज वाटते.

आमच्या अभ्यासिकेसारख्या संस्थेला पूर्ण वेळ संशोधक परवडत नाही, हेही खरे. पण दहिसर ते बोरिवली पट्ट्यातल्या चार-पाच छोट्या संस्थांनी मिळून एक संशोधक नेमला तर प्रत्येकीच्या वाट्याला येणारा खर्च आटोक्यात राहतो. प्रत्येक संस्थेची दाता-नोंद वेगळी ठेवायची, एकीची माहिती दुसरीला द्यायची नाही, आणि दोघी एकाच कंपनीकडे जाणार असतील तर ते आधी एकमेकींना सांगायचे, एवढे लेखी ठरवावे लागेल. हा ठराव मी पुढच्या वार्षिक सभेत मांडणार आहे. त्याबरोबर दुसराही: हिशेबपत्रकात ‘निधी संशोधन’ असे स्वतंत्र नाव देऊन हा पगार लिहावा, आणि ज्या सभासदाला तो अयोग्य वाटतो त्याने सभेत उभे राहून कारण सांगावे.