फॉलन एंजल्स

अमेरिकन लेखक वॉल्टर डीन मायर्स (१९३७–२०१४) यांची व्हिएतनाम युद्धावरील किशोर कादंबरी. ‘स्कोलॅस्टिक’ या प्रकाशनसंस्थेने ती १९८८ साली प्रसिद्ध केली. आफ्रिकी-अमेरिकन लेखकांच्या बाल-किशोर साहित्यासाठी दिला जाणारा कोरेटा स्कॉट किंग पुरस्कार तिला १९८९ मध्ये मिळाला. विशीही न गाठलेल्या सैनिकांविषयी इंग्रजीत विपुल लेखन झाले असले, तरी या कादंबरीचे स्थान त्यात वेगळे आहे. युद्ध योग्य की अयोग्य यावर ती निकाल देत नाही. सतरा वर्षांचा मुलगा रणभूमीवर पोहोचला तो कोणत्या वाटेने, आणि त्या वाटेवर त्याला अडवायला कोणीच कसे नव्हते, याचा ती बारकाईने शोध घेते.

मायर्स यांना हा विषय घरातून मिळाला. लहानपणीच आई वारल्यावर हर्बर्ट आणि फ्लोरेन्स डीन या दांपत्याने त्यांना न्यूयॉर्कच्या हार्लेम वस्तीत वाढवले. पुढे त्यांची आठवण म्हणून लेखकाने ‘डीन’ हे नाव आपल्या नावात घेतले. वाचनाचे वेड असलेल्या या मुलाला कॉलेज परवडणार नाही हे कळून चुकले होते. पहिल्या महायुद्धातील कविता आणि दुसऱ्या महायुद्धावरचे चित्रपट यांतून युद्धाविषयी एक रम्य कल्पना त्याच्या मनात तयार झाली होती. शाळा अर्धवट सोडून १९५४ साली सतराव्या वाढदिवशी तो लष्करात भरती झाला. कोरियाचे युद्ध तोवर थांबले होते आणि व्हिएतनाममध्ये अमेरिकन पलटणी उतरायच्या होत्या. त्यामुळे तीन वर्षांच्या नोकरीत प्रत्यक्ष लढाई त्याच्या वाट्याला आली नाही. ती आली धाकट्या भावाच्या वाट्याला. थोरल्याच्या पावलावर पाऊल टाकून लष्करात गेलेला सनी मे १९६८ मध्ये व्हिएतनाममध्ये मारला गेला. कादंबरी त्यालाच अर्पण केली आहे. ती यायला त्यानंतर वीस वर्षे जावी लागली. पुस्तकातील रागही त्यामुळे आरडाओरडा करत नाही. तो निवळून, थंड होऊन पानांत उतरला आहे.

कथा निवेदक रिची पेरी स्वतः सांगतो. हार्लेममधला हा हुशार मुलगा नुकताच शाळा संपवून बाहेर पडला आहे. त्याला लेखक व्हायचे आहे. वडील घर सोडून गेलेले, आई खचून दारूच्या आहारी गेलेली, आणि पाठचा भाऊ केनी अजून शाळेत. कॉलेजची फी नाही म्हणून रिची लष्करात नाव घालतो; निदान केनीच्या शाळेच्या खर्चाला चार पैसे धाडता येतील. कॉलेजात नाव असलेल्या तरुणांना सक्तीच्या भरतीतून त्या काळी सवलत मिळत असे. ही सवलत कोणाच्या घरापर्यंत पोहोचत होती आणि कोणाच्या नाही, हे मायर्स कुठेही भाषण न करता दाखवतात. बास्केटबॉल खेळताना रिचीचा गुडघा दुखावलेला असतो आणि त्या कारणाने त्याला लढाईच्या कामातून वगळायला हवे असते. पण तसा शेरा असलेला वैद्यकीय कागद वेळेवर पुढे सरकत नाही. अधिकारी सांगतात की कागद यथावकाश पोहोचेल. सप्टेंबर १९६७ मध्ये विमान अलास्कामार्गे व्हिएतनामकडे निघते तेव्हाही तो आलेला नसतो. तो येईपर्यंत रिची गस्तीवर जातो, माणसे मारतो, जखमी होतो, बरा होऊन पुन्हा आघाडीवर धाडला जातो. कागदाचा निकाल लागतो तो अगदी शेवटी, सगळे होऊन गेल्यावर. संपूर्ण कादंबरीचा कणा या एका रखडलेल्या कागदावर उभा आहे.

तुकडीतील बाकीची मुलेही ठसठशीत उतरली आहेत. शिकागोचा पीवी गेट्स सतत बडबडतो, शिव्या घालतो आणि भीती लपवतो. लोबेल प्रत्येक प्रसंग चित्रपटातला म्हणून पाहतो, कारण तसे पाहिले की तो सोसता येतो. जेन्किन्स पहिल्याच गस्तीवरून परतताना सुरुंगावर पाय पडून जातो. त्याच्यासाठी लेफ्टनंट कॅरोल जी प्रार्थना म्हणतो, तिच्यात कादंबरीच्या शीर्षकाचे मूळ आहे: सैनिक म्हणजे लढणारे देवदूत, कारण लढाया बहुधा पोरेच लढतात, ही कॅरोलला वडिलांकडून मिळालेली समजूत. पुढे कॅरोलही मरतो. त्याच्या पत्नीला पत्र लिहिण्याचे काम रिचीकडे येते, कारण तुकडीत लिहिणारा तोच. लेखक होण्याची इच्छा धरून आलेल्या मुलाचे हे पहिले गंभीर लेखन. विधवेला काय सांगायचे आणि काय गाळायचे हे त्याला एका बैठकीत ठरवावे लागते. केनीला लिहिताना मात्र त्याची लेखणी अडते. पराक्रमाच्या गोष्टी लिहाव्यात तर त्या खोट्या, आणि खरे लिहावे तर ते शाळकरी भावाला कसे लिहायचे?

मायर्स हिंसेची वर्णने लांबवत नाहीत, पण टाळतही नाहीत. एका प्रसंगी शत्रूपक्षाचा, व्हिएतकाँगचा सैनिक रिचीसमोर उभा ठाकतो, चाप ओढतो, आणि त्याच्या बंदुकीतून गोळीच सुटत नाही. रिची गोळ्या झाडतो आणि थांबण्याची गरज असतानाही झाडत राहतो. या प्रसंगात शौर्याचा लवलेश नाही. आपण वाचलो ते समोरच्याच्या हत्याराने दगा दिला म्हणून, एवढेच त्याला कळते. दुसरा प्रसंग अधिक कठीण आहे. एका खेड्यात पीवी लहान मुलासाठी गवताची बाहुली विणत बसलेला असतो. ती पुरी होण्याच्या आत आई आपले मूल एका अमेरिकन सैनिकाच्या हाती देते आणि मुलाच्या अंगाशी बांधलेले स्फोटक फुटते. सैनिक आणि मूल दोघेही मरतात. आईवर गोळ्या चालतात. हे सगळे मोजक्या ओळींत येते. किशोर वाचकाला इतके दाखवावे का, असा आक्षेप या प्रसंगावर घेता येईल. माझ्या मते तो टिकत नाही. ज्या वयाच्या मुलाला हे पाहायला पाठवता येते, त्या वयाच्या मुलाला ते वाचूही दिले पाहिजे.

शत्रूइतकाच धोका आपल्याच बाजूने असतो, हेही कादंबरी सांगते. घोटाळ्यात अमेरिकन तुकडी दुसऱ्या अमेरिकन तुकडीवर गोळीबार करते. कॅप्टन स्टुअर्टला मेजर व्हायचे आहे. त्यासाठी तो मारलेल्या शत्रूंचे आकडे फुगवतो आणि आपल्या माणसांना नसत्या मोहिमांत ढकलतो. मृतांच्या संख्येवरून यश मोजण्याची पद्धत त्या युद्धात अमेरिकन लष्कराने खरोखरच राबवली होती. खालच्या पातळीवर तिचे काय झाले, ते स्टुअर्टच्या रूपाने समोर येते. डोंगन हा गोरा सार्जंट धोक्याच्या जागी काळ्या सैनिकांना ठेवतो आणि ते त्यांच्या लगेच लक्षात येते. जानेवारी १९६८ अखेर शत्रूने केलेल्या टेट आक्रमणानंतर युद्ध लवकर संपेल ही आशाही मावळते.

कादंबरीवर सर्वाधिक टीका झाली ती भाषेमुळे. पीवीच्या तोंडच्या शिव्यांवरून अनेक शाळांच्या ग्रंथालयांतून पुस्तक काढण्याची मागणी पालकांनी केली. अमेरिकन लायब्ररी असोसिएशनने २००० ते २००९ या दशकात सर्वाधिक आक्षेप आलेल्या पुस्तकांची जी यादी केली, तिच्यात ‘फॉलन एंजल्स’ अकराव्या क्रमांकावर होती. शिव्या मोजणाऱ्यांच्या नजरेतून एक गोष्ट निसटली: भीती वाढते तशी पीवीची जीभ सैल सुटते, आणि तो गप्प होतो तेव्हा वाचकाच्या पोटात गोळा येतो. दुसरीकडे कित्येक शाळांनी हेच पुस्तक वर्गात शिकवायला घेतले. १९९४ मध्ये किशोर साहित्यातील कामगिरीसाठी मायर्स यांना मार्गारेट एडवर्ड्स पुरस्कार मिळाला, तेव्हा गौरवलेल्या पुस्तकांत याचा समावेश होता.

पेरी घराणे मायर्स यांनी पुढेही सोडले नाही. ‘सनराइज ओव्हर फलुजा’ (२००८) मध्ये रिचीचा पुतण्या रॉबिन इराक युद्धात जातो आणि काकाला पत्रे लिहितो. ‘इन्व्हेजन’ (२०१३) दुसऱ्या महायुद्धातील नॉर्मंडीच्या लढाईकडे मागे वळते आणि गोरे-काळे वेगवेगळे ठेवणाऱ्या लष्करातल्या मार्कस पेरीला भेटवते. दोन्ही वाचनीय आहेत, पण पहिल्या पुस्तकाची धग त्यांना नाही.

याच वाटेवरच्या इतर कादंबऱ्यांत गॅरी पॉलसन यांची ‘सोल्जर्स हार्ट’ (१९९८) अमेरिकन यादवी युद्धात वय चोरून भरती झालेल्या पंधरा वर्षांच्या मुलाची, तर मायकेल मोर्पुर्गो यांची ‘प्रायव्हेट पीसफुल’ (२००३) पहिल्या महायुद्धातील दोन ब्रिटिश भावांची. मोर्पुर्गो यांच्या कादंबरीत थोरल्याला आपल्याच सैन्याकडून देहदंड होतो. अशा शिक्षा झालेल्या ३०६ सैनिकांना ब्रिटनने २००६ साली मरणोत्तर माफी दिली.

‘फॉलन एंजल्स’ची मोठी उणीव तिच्या निवेदनातच आहे. सगळे रिचीच्या डोळ्यांनी दिसत असल्यामुळे व्हिएतनामी माणसे वाचकाला बाहेरूनच दिसतात. मूल पुढे करणारी ती आई कोण होती, तिच्यावर कोणती सक्ती होती, हे कधीच कळत नाही. रिचीला ते कळणे शक्य नव्हते हे खरे, तरी वाचक म्हणून ती पोकळी जाणवत राहते. मूळच्या कोलकात्याच्या मिताली पर्किन्स यांनी ‘बॅम्बू पीपल’मध्ये (२०१०) या अडचणीवर वेगळा तोडगा काढला. पहिला भाग सांगतो चिको, शिक्षकाच्या नोकरीसाठी गेला असता सक्तीने सैन्यात कोंबलेला ब्रह्मी मुलगा. दुसरा भाग सांगतो तू रे, ज्याचे गाव त्याच सैन्याने जाळले आणि ज्याच्या हाती जखमी चिको सापडतो तो करेन्नी या अल्पसंख्य जमातीचा मुलगा.