खानदेशातील विद्यार्थ्यांचे निबंधलेखन : एक ऐतिहासिक दृष्टिक्षेप

मराठी निबंधाचा इतिहास सांगताना विष्णुशास्त्री चिपळूणकरांच्या ‘निबंधमाले’पासून प्रारंभ करण्याचा प्रघात आहे. १८७४ पासून सात वर्षांत निघालेल्या तिच्या ८४ अंकांनी मराठी गद्याला जे वळण दिले ते पाहता हा प्रघात अयोग्य म्हणता येत नाही. परंतु या इतिहासात विद्यार्थ्याने लिहिलेल्या निबंधाला कोठेच स्थान नाही. परीक्षकाने गुण दिले की त्या मजकुराचे आयुष्य संपले, असे आपण अध्यापकही गृहीत धरतो. प्रस्तुत लेखात जळगाव व धुळे, म्हणजे १९०६ मध्ये पूर्व व पश्चिम असा विभागला गेलेला जुना खानदेश, हे क्षेत्र समोर ठेवून एवढेच मांडावयाचे आहे की, विद्यार्थ्याच्या निबंधाला परीक्षकाव्यतिरिक्त वाचक लाभला तेव्हाच तो इतिहासाचे साधन ठरला आहे.

या परंपरेचा उगम शोधताना काही काळ मुंबई-पुण्याकडे जावे लागते. १८४८ मध्ये मुंबईच्या एल्फिन्स्टन संस्थेतील अध्यापक व विद्यार्थ्यांनी ‘स्टुडंट्स लिटररी अँड सायंटिफिक सोसायटी’ स्थापन केली. तिच्या मराठी शाखेचे ‘मराठी ज्ञानप्रसारक’ हे मासिक १८५० पासून निघू लागले. सभेत निबंध वाचावा, त्यावर चर्चा व्हावी आणि निवडक मजकूर छापला जावा, अशी ही रीत होती. पदार्थविज्ञान, व्यापार, भाषा, लोकांचे रीतिरिवाज हे विषय तेथे शेजारी शेजारी नांदत. वाणिज्याच्या विद्यार्थ्याने भाषेवर लिहू नये आणि विज्ञानाच्या विद्यार्थ्याने संस्कृतीकडे पाहू नये, ही आजची विद्याशाखीय सोवळेओवळे त्या पिढीला ठाऊक नव्हती.

त्याच पिढीतील भाऊ दाजी लाड यांचा बालहत्येच्या प्रथेवरील पारितोषिकप्राप्त निबंध १८४७ मध्ये प्रसिद्ध झाला. त्या वेळी ते ग्रँट मेडिकल कॉलेजात शिकत होते. खानदेशाच्या दृष्टीने महत्त्वाचे असे की, चाळीसगावजवळील पाटण येथील शिलालेख पुढे याच भाऊ दाजींनी अभ्यासकांसमोर आणला. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ स्थापन केला, त्याला तेराव्या शतकाच्या प्रारंभी मिळालेल्या दानाचा हा लेख आहे. त्याच्या अखेरच्या मराठी भागात पाटणच्या बाजारात विकावयास येणाऱ्या मालावरील कराचा आणि तेलाच्या घाण्यांचा हिशेब नोंदविलेला आहे. ज्योतिषाची पाठशाळा, तिचा खर्च उचलणारी बाजारपेठ आणि त्या व्यवहाराची लोकभाषा या तिन्ही गोष्टी एकाच दगडावर कोरलेल्या असणे हा योगायोग खचित नव्हे. विद्या आणि व्यवहार यांची फारकत खानदेशाच्या मातीत मुळातली नाही.

विद्यार्थी-निबंधाचे सर्वाधिक ज्वलंत उदाहरण मात्र पुण्याचे आहे. सावित्रीबाई व जोतीराव फुले यांच्या शाळेत शिकणाऱ्या मुक्ता या मातंग समाजातील मुलीचा मांग-महारांच्या दुःखाविषयीचा निबंध १८५५ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये ‘ज्ञानोदय’मध्ये दोन भागांत छापला गेला. तेव्हा तिचे वय अवघे चौदा वर्षांच्या आसपास होते. धर्मग्रंथ ज्यांना वाचू दिले जात नाहीत त्यांचा धर्म कोणता, हा तिचा प्रश्न. आपल्या समाजातील स्त्रियांच्या बाळंतपणातील हाल हा तिचा पुरावा. प्रस्तावना, मध्य, समारोप या कोष्टकात हे लेखन बसवू गेल्यास त्याला किती गुण पडतील हे सांगणे कठीण आहे. तरीही त्या काळाच्या सामाजिक इतिहासाचा अभ्यासक त्यास वगळू शकत नाही. येथे लक्षात घ्यावयाचे ते असे की, हा निबंध वर्गातच राहिला असता तर आज त्याचा मागमूसही उरला नसता. तो टिकला, कारण एका संपादकाने तो छापला.

त्यानंतरचा काळ विद्यार्थ्यांच्या मराठी लेखनाला अनुकूल नव्हता. एकोणिसाव्या शतकाच्या सातव्या दशकात मुंबई विद्यापीठाने उच्च शिक्षणातून देशी भाषांना बाहेर काढले. न्यायमूर्ती रानड्यांच्या दीर्घ प्रयत्नांनंतर १९०१ मध्ये एम. ए. च्या परीक्षेत मराठीला प्रवेश मिळाला. मधल्या काळात पदवीसाठी मराठीतून लिहिण्याचे प्रयोजनच उरले नव्हते. शालेय निबंधाने ‘निबंधमाले’ची लांब वाक्ये आणि संस्कृतप्रचुरता उचलली, तिच्यातील वादाची धार तेवढी सोडून दिली.

खानदेशात या कोंडीतून वाट निघाली ती अमळनेरच्या एका वसतिगृहात. साने गुरुजी १९२४ मध्ये प्रताप हायस्कूलमध्ये शिक्षक म्हणून रुजू झाले. पुढे छात्रालयाची जबाबदारी आल्यावर त्यांनी मुलांसाठी ‘छात्रालय’ हे हस्तलिखित दैनिक सुरू केले आणि १९२८ मध्ये ‘विद्यार्थी’ हे मासिक काढले. या दैनिकाचे स्मरण बहुधा गुरुजींच्या वात्सल्याचे उदाहरण म्हणून केले जाते. लेखनशिक्षणाच्या इतिहासात त्याचे महत्त्व वेगळे आहे. नेहमीच्या निबंधात विद्यार्थी लिहितो आणि शिक्षक तांबड्या शाईने वाचतो. येथे शिक्षक लिहीत होता आणि विद्यार्थी वाचक होते. मजकूर कंटाळवाणा झाला तर तो न वाचण्याचे स्वातंत्र्य त्या मुलांना होते; परीक्षकाला ते कधीच नसते. १९३० मध्ये गुरुजी नोकरी सोडून सविनय कायदेभंगात उतरले आणि १९३२ मध्ये धुळ्याच्या तुरुंगात त्यांनी विनोबांची गीतेवरील प्रवचने लिहून घेतली. श्रोत्यासाठी बोललेले वाचकासाठी उतरविण्याचा तो हात छात्रालयातील रोजच्या लेखनाने तयार केला होता, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होऊ नये.

१९४५ मध्ये जळगावचे मूळजी जेठा महाविद्यालय व अमळनेरचे प्रताप महाविद्यालय सुरू झाले आणि खानदेशातील मुलाला पदवीसाठी पुण्या-मुंबईस जाण्याची निकड कमी झाली. १९९० मध्ये जळगावात स्वतंत्र विद्यापीठ आले. २०१८ मध्ये त्यास बहिणाबाई चौधरींचे नाव मिळाले. स्वतः अक्षरओळख नसलेल्या कवयित्रीचे नाव विद्यापीठास असणे ही या प्रदेशाच्या भाषेची मोठी साक्ष आहे. तथापि तिच्या बोलीला उत्तरपत्रिकेत प्रवेश नाही. साक्री-शिंदखेड्याकडील विद्यार्थी घरी अहिराणी बोलतो, यावल-रावेरकडील विद्यार्थ्याच्या घरी लेवा गणबोली असते. ग्रिअर्सन यांनी १९०७ मध्ये भाषासर्वेक्षणात खानदेशीची नोंद मराठीच्या खंडात न करता भिल्ली भाषांसमवेत केली, हे अनेक अध्यापकांनाही ठाऊक नसते. हा विद्यार्थी प्रमाण मराठीत निबंध लिहितो तेव्हा तो एका अर्थी भाषांतरच करीत असतो. ‘शेतकऱ्याचे आत्मवृत्त’ लिहिताना ज्याच्या घरी केळीची बाग आहे तो मुलगाही मार्गदर्शिकेतील काळी आई आणि सर्जा-राजाची जोडी उतरवून काढतो. कंदांची लागवड, ठिबकच्या नळ्या, घडाचा भाव, सावद्याहून दिल्लीकडे जाणारा माल यांपैकी काहीही त्यात येत नाही. वास्तविक व्यापार, तंत्रज्ञान, भाषा व संस्कृती हे चारही विषय त्याच्या बांधावरच उभे असतात.

अपवाद आढळतो तो महाविद्यालयीन वार्षिकांकांत. त्यांतील बरेचसे लेखन ठोकळेबाज आहे, हे मान्य केले पाहिजे. ‘विज्ञान : शाप की वरदान’ या शीर्षकाची आता मोजदादही करवत नाही. पण मधूनच एखाद्या विद्यार्थ्याने आपल्या गावच्या यात्रेवर, जिनिंगमधील हंगामी मजुरीवर वा घरातील पहिल्या दूरध्वनीवर लिहिलेले असते आणि ते जिल्हा गॅझेटियरमध्ये सापडत नाही. पहिल्या पिढीच्या शिक्षितांनी स्वतःच्या हाताने ठेवलेली ही नोंद आहे. दुर्दैवाने वार्षिकांक पुस्तक नव्हे म्हणून त्यास ग्रंथालयात दाखलक्रमांक मिळत नाही आणि नियतकालिक नव्हे म्हणून त्याची बांधणी होत नाही. एका महाविद्यालयात मूल्यांकन समितीच्या भेटीपूर्वीच्या स्वच्छता मोहिमेत जुने वार्षिकांक रद्दीत गेल्याचे प्रस्तुत लेखकाने पाहिले आहे.

इतिहासाचार्य राजवाड्यांचे निधन १९२६ च्या अखेरच्या दिवशी धुळ्यात झाले. गावोगावच्या माळ्यांवरून त्यांनी वेचून आणलेल्या कागदांच्या रक्षणासाठी त्याच गावी त्यांच्या नावाचे संशोधन मंडळ उभे राहिले. ज्या प्रदेशाने ते दफ्तर जपले, त्या प्रदेशातील महाविद्यालयांना आपापल्या वार्षिकांकांची एक यादी करणे अवघड नाही. अंकाचे वर्ष, लेखाचे शीर्षक, विद्यार्थ्याचा वर्ग आणि गाव एवढे चार रकाने प्रारंभी पुरेसे आहेत. मराठी, इतिहास आणि वाणिज्य विभागांनी मिळून पदव्युत्तर विद्यार्थ्यांना प्रकल्प म्हणून हे काम दिल्यास एका सत्रात एका महाविद्यालयाची यादी पूर्ण होऊ शकते. गावाचा रकाना मात्र गाळू नये. अहिराणी व लेवा गणबोलीच्या पट्ट्यांतून कोण काय लिहीत होते, हे त्यावरूनच कळणार आहे.